आईची पुट्टी

आमच्या बिल्डिंगला दरवर्षी रंग लागतो. लोकांकडे दिवाळीला लागतो, आमच्याकडे एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात. चौदा तारखेच्या जयंतीआधी शेवटचा हात सुकलाच पाहिजे, हा नियम मी जन्मायच्या आधीपासूनचा आहे. बाहेरच्या भिंती पांढऱ्या, जिन्याचे कठडे निळे आणि प्रत्येक दाराला निळी किनार. पेंटर आम्ही कधी बोलावला नाही. पुरुष शिडीवर, बायका जिन्यात, ज्याला काहीच येत नाही तो ब्रश धुवायला. चौदा तारखेला सकाळी पांढऱ्या साड्या नेसून आम्ही खाली झेंड्यापाशी उभ्या राहतो आणि फोटो निघतो. तो फोटो प्रत्येक घरात आहे. त्यातली माणसं बदलत गेली, मागची भिंत तीच राहिली.

ही सफाई कामगारांची वसाहत. कोपर स्टेशनवरून खाडीच्या बाजूला चालत आलं की लागते. तळमजला आणि वर तीन मजले, चोवीस खोल्या. वडील झाडू खात्यात होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी आई लागली आणि आई रिटायर झाल्यावर तिच्या जागी मी. मी बी.ए. आहे, मराठी घेऊन. पहाटे हजेरी शेडमध्ये सही करते आणि झाडू उचलते. लोकांना या दोन वाक्यांच्या मध्ये काहीतरी करुण दिसतं. त्यांनी खुशाल बघावं, मला माझ्या बीटवर, नेमून दिलेल्या रस्त्यावर, झाडायला जायचं असतं. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून आईकडे परत आले, ती गोष्ट वेगळी आणि तिचं इथे काम नाही. खोली नोकरीला जोडलेली आहे. नोकरी गेली की छप्पर गेलं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

रंगकामात पुट्टीचं खातं आईकडे. स्टेशनजवळ पूर्वी एक रंगाचं दुकान होतं, तिथल्या म्हाताऱ्या पेंटरचा हात बघून बघून ती शिकली. भेग दिसली की आधी नखाने उकरायची, मग ओल्या फडक्याने पुसायची, मग पुट्टी आत दाबायची आणि वरून लोखंडी पट्टी एकदाच ओढायची. दुसऱ्यांदा पट्टी फिरवणाऱ्याला ती हसायची. "पोळीला तूप लावतोस का रे?" वाळल्यावर सँडपेपर, त्यावर रंग, आणि मग भेग कुठे होती हे फक्त आईला माहीत. चोवीसही खोल्यांतून तिला बोलावणं यायचं. "मावशी, आमच्याकडे पण एक हात मारा ना." मावशी कंबर धरून जायची आणि भिंत आरशासारखी करून यायची.

सुरुवातीला अख्ख्या बिल्डिंगला एक डबा पुट्टी पुरायची. पुढे गोणी लागायला लागली, मग दोन गोण्या. भिंत एवढी पुट्टी खाते तर ती जाते कुठे, हा प्रश्न आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आला नाही. उलट यंदा आपण जास्त काम केलं याचा आम्हाला अभिमान वाटायचा.

दोन वर्षांपूर्वी सरकारने जुन्या कामगार वसाहतींच्या दुरुस्तीला अनुदान काढलं. कुठल्या इमारतीला द्यायचं ते पाहणी करून ठरणार होतं. बांधकाम खात्याचे साहेब आमच्याकडे आले ते जयंतीनंतर पाचव्या दिवशी. दारात येऊन त्यांनी विचारलं, "बूट काढू का?" आमच्या घरी येणारा साहेब असं कधी विचारत नाही, त्यामुळे आम्ही तिथेच अर्धे विरघळलो. चहा झाला, लाडू झाले. साहेब भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "खरंच छान ठेवलंय हो. बाकीच्या वसाहतींमध्ये बघवत नाही."

आई फुलली. तिने काय करावं? ओट्यावरच्या बीमकडे बोट दाखवून म्हणाली, "इथे बोट जाईल एवढी भेग होती साहेब. आता आहे का सांगा!"

साहेबांनी चष्मा सारखा करून बघितलं आणि म्हणाले, "नाही ब्वा."

"नाहीच दिसणार," आई म्हणाली.

त्यांनी लिहिलं: इमारत सुस्थितीत, किरकोळ देखभाल पुरेशी. यादी लागली तेव्हा आमचं नाव नव्हतं. मोहने गावाच्या बाजूच्या एका वसाहतीला अनुदान मिळालं. त्यांच्या भिंतीतून पिंपळ उगवलेला होता, संडासाचे पाइप फुटलेले होते. त्यांना मिळालं याचं मला वाईट वाटलं नाही, त्यांचे हाल मी डोळ्यांनी बघितलेत. राग आला तो आमचाच. पावडर-टिकली करून दवाखान्यात गेलेल्या बाईला डॉक्टर काय म्हणणार? ठणठणीत आहात, घरी जा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, रविवारी सकाळी, त्या बीमचा तुकडा पडला. आई ओट्याशी भाकरी थापत होती. पीठ कमी पडलं म्हणून ती डबा घ्यायला मागे वळली तेवढ्यात धाडकन आवाज झाला. मी मोरीतून धावत आले तर आई हातात पिठाचा डबा घेऊन उभी, आणि ओट्यावर परात चेपून पडलेली. भाकरी थापताना तिचं डोकं जिथे असतं, बरोबर तिथे. मी तिला ओढून बाहेरच्या खोलीत नेलं.

थोड्या वेळाने तिने जाऊन तो तुकडा उचलला. एका बाजूला गंजलेल्या सळीचा लाल ठसा होता. दुसरी बाजू गुळगुळीत, पांढरीशुभ्र. तिने त्यावरून अंगठा फिरवला.

"ही माझी आहे," ती म्हणाली.

तो तुकडा तिने फेकू दिला नाही, खिडकीत ठेवला. त्या दिवसापासून ती जिना चढता-उतरताना दुसऱ्यांच्या दारांकडे बघायची नाही. मी एकदा म्हटलं, अगं, तू काय मुद्दाम केलंस का? तर म्हणाली, "चोवीस घरं झाकली मी. कोणाच्या डोक्यावर काय आहे ते मला माहीत आहे, त्यांना नाही." मला त्यानंतर दुसरं काही सुचेना. आईच्या डोक्यावरचा बीम धड व्हावा आणि तिने जिन्यात मान वर करून चालावं, एवढंच मला हवं होतं.

फेरतपासणीचा अर्ज घेऊन मी खात्यात गेले. तिथे कळलं की खराब इमारतींच्या तीन जाती असतात. एक, पाडून टाकायची. दुसरी, सगळ्यांना बाहेर काढून दुरुस्त करायची. तिसरी, माणसं आत ठेवून दुरुस्त करायची. अनुदान बसतं ते शेवटच्या दोघींना. पाडायच्या यादीत गेलं की बोजाबिस्तरा उचलून दिवा स्टेशनला भाड्याने जा, आणि परत इथे कधी येणार ते कुणी सांगत नाही. म्हणजे आम्हाला आजारी दिसायचं होतं, पण मरणाच्या दारात नाही. हे कसं जमवतात ते बी.ए.ला शिकवत नाहीत.

टेबलावरचा क्लार्क भला माणूस होता. त्याने अर्ज घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, खासगीत सांगतो. तपासणी एप्रिलच्या शेवटाला लागेल. यंदा रंग मारू नका. थोडं कळकट राहू द्या. साहेबांना दिसलं पाहिजे ना."

तो आमच्या भल्याचं सांगत होता, म्हणून मी थँक्यू म्हणून उठले. बाहेर आल्यावर माझं डोकं असं तापलं की रिक्षा न करता घरापर्यंत चालत आले. मी रोज ज्या रस्त्यावर झाडते तिथले लोक वरच्या मजल्यावरून कचऱ्याची पिशवी खाली टाकतात आणि "बाई, तिकडे राहिलंय" असं वरूनच सांगतात. दिवसभर त्यांचं काढायचं आणि मदत मागायची तर आपलं घर कळकट ठेवायचं! कळकट असलो की आम्ही खरे, स्वच्छ असलो की यांना कशाला हवंय. हे मला शाळेपासून माहीत आहे. नवा फ्रॉक घालून गेले त्या दिवशी बाईंनी वर्गात विचारलं होतं, मग फीमाफीचा अर्ज कशाला केलास गं? तो फ्रॉक आईने उरलेल्या कापडाचा शिवला होता. तेव्हा मी गप्प बसले, कारण सात वर्षांची होते. आता नाही.

मार्चमध्ये गच्चीवर मीटिंग झाली आणि मी क्लार्कचं म्हणणं सगळ्यांना सांगितलं. पहिल्या मजल्यावरचे रिटायर मुकादम, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते सगळ्यांत आधी उभे राहिले.

"एक वर्ष नाय मारला रंग तर जयंती होणार नाय काय? माझी नात गळतीखाली झोपते. तिच्यावर स्लॅब पडल्यावर निळी किनार बघत बसू?"

"काका," मी म्हटलं, "आज बोलतात रंग नको, उद्या बोलतील फाटके कपडे घालून या."

"येऊ की! काम होत असेल तर येऊ!"

"तुम्ही या. मी नाही येणार."

मग एकच गलका झाला. काकांचं चुकत नव्हतं, हेच मला जास्त झोंबत होतं. नातीचा प्रश्न खरा होता आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं, फक्त राग होता. निम्मे काकांकडे, निम्मे माझ्याकडे, आणि आई पाण्याच्या टाकीला टेकून उभी. तिला कुणीतरी विचारलं, मावशी, तुमचं काय? ती म्हणाली, "मी पुट्टी लावणार नाही, एवढं नक्की." मीटिंग काही न ठरता संपली.

ठरलं ते दोन दिवसांनी, जिन्याच्या पायरीवर. खाडीकाठच्या जुन्या गावठाणातून एक कोळीण आमच्याकडे तीस वर्षं मासळी घेऊन येते. ती आणि आई एकमेकींना शिव्या घातल्याशिवाय सौदा करत नाहीत. त्या दिवशी आईने बोयटं उचललं आणि सवयीने म्हणाली, "चकाकतंय नुसतं. शिळं असेल."

"वरच्या चकाकीव कशाला जातंस गो?" कोळीण म्हणाली आणि अंगठ्याने माशाचा कल्ला वर केला. आत लालभडक. "मी तोंडानं ताजं ताजं बोलत नाय. कल्ला उचलतंय न् दावतंय."

आईने विचारलं, "आणि धुवून कशाला ठेवतेस? कल्ला दाखवतेस तर?"

"म्हावरा धुतलेलाच ठेवायचा! घान ठेवून कोन घेल? धुवायचा पन न् कल्ला पन दावायचा."

आई बोयटं हातात धरून तशीच बसली. मग माझ्याकडे बघितलं. मी पायरीवर भाजी निवडत होते. "काकांना बोलाव," ती म्हणाली. बोयट्याचा भाव करायचं ती विसरली, त्यामुळे कोळिणीला वाटलं हिला बरं नाही.

त्या वर्षी रंग नेहमीपेक्षा चांगला लागला. पांढऱ्याचे दोन हात, कठडे निळे, दारं निळी. पुट्टी मात्र चमचाभरही नाही. काका कुरकुरत का होईना, शिडीवर चढले. बारा तारखेला सगळं सुकल्यावर आईने लहान हातोडी आणि छिन्नी घेतली आणि शिडी धरायला मला सोबत घेतलं. पहिला घाव आमच्याच बीमवर घातला.

"कोरी भिंत फोडतेस मावशी!" शेजारीण दारातून ओरडली.

"भिंत नाही, पुट्टी," आई म्हणाली. तिचा नियम साफ होता. काँक्रीटला हात लावायचा नाही, आपण जे भरलं तेवढंच काढायचं. बोटाच्या पेराने ठोकून बघायची. भरीव असेल तिथे ठक्क वाजायचं, पोकळ असेल तिथे बद्द. खरं तर तिला ठोकायची गरज नव्हती. चोवीस घरांच्या भेगा तिला तोंडपाठ होत्या, त्याही वर्षांसकट. "ही तुझी दहावी होती त्या वर्षीची. ही तुझे वडील गेले तेव्हाची, लक्ष ठिकाणावर नव्हतं, बघ किती जाड बसलीय." पुट्टीचे पापुद्रे निघायचे, एकाखाली एक, आणि शेवटी काळी भेग आणि तिच्यात फुगलेली सळी. प्रत्येक उघड्या जागेभोवती मी पट्टी लावून चौकोन आखला आणि निळी किनार मारली, दारांना मारतो तशीच. दोन दिवस आम्ही तेच केलं. बद्द आवाज ऐकला की आईचा चेहरा उतरायचा, पण ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी काका स्वतःच खाली आले आणि म्हणाले, "नातीच्या अंथरुणावरचं आधी घे."

चौदा तारखेला दिव्याला राहणारी माझी मावशी, आईची बहीण, सहकुटुंब आली. खाली उभी राहून वर बघतच राहिली. "काय गं हे? आमच्या दिव्यात नळ आहेत न् पाणी नाय, तुमच्याकडे भिंत आहे तर तिलाच खिडक्या?"

"सरकारला आतलं दिसावं म्हणून काढल्यात," आई म्हणाली. "चल, खीर घे."

फोटो नेहमीप्रमाणे निघाला. पुढे पांढऱ्या साड्या, मागे पांढरी भिंत आणि तिच्यावर निळे चौकोन. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या फोटोत भिंत बदलली.

साहेब आले ते महिनाअखेरीला, तेच गेल्या वर्षीचे. फाटकातच थांबले. वर बघितलं, खाली बघितलं, आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"हे कुणी केलं? ही सरकारी इमारत आहे. नुकसानीची नोटीस निघेल. ज्याच्या नावावर खोली आहे त्याच्या नोकरीवर येईल हे."

चोवीस घरं जिन्यात उभी होती. खोली माझ्या नावावर. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने मला कोपराने मागे सारलं.

"मी केलं. पुट्टी माझी होती, माझी मी काढली. तुमच्या भिंतीला ओरखडा नाही. तुमची भिंत आत आहे, या बघायला."

"काढायचंच होतं तर रंग कशाला मारला?"

"घर आहे साहेब," आई म्हणाली.

बूट काढू का, हे त्यांनी या वेळी विचारलं नाही, पण काढले. आमच्या ओट्यापाशी स्टुलावर चढले, चौकोनात टॉर्च मारला, बोट घातलं. बोट बाहेर आलं ते गंजाने लाल. मग आईने खिडकीतला तो तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला. पांढऱ्या बाजूवरून अंगठा फिरवला, आईने फिरवला होता तसाच.

"मागच्या वर्षी का नाही दाखवलंत?"

"मागच्या वर्षी तुम्ही भिंतीवरून हात फिरवलात, वाजवून नाही बघितली. आणि मी मिरवत होते. दोघांचं चुकलं."

साहेबांनी पिशवीतून हातोडी काढली आणि चोवीसच्या चोवीस खोल्या वाजवत फिरले. पुढे आई, मागे साहेब. ती म्हणायची, इथे, आणि बद्द वाजायचं. दोन वेळा तिने "इथे नाही" म्हटलं आणि ठक्क वाजलं, तेव्हा ते तिच्याकडे बघून हसले. जाताना बूट घालता घालता म्हणाले, "लिहितो मी. पण हे उघडं ठेवू नका, पावसाळा येतोय. तोवर भरून घ्या."

आईने त्यांच्याकडे बघितलं. मी तिचा हा चेहरा वडील गेले त्या वर्षी बघितला होता, हजेरी शेडमध्ये पहिल्यांदा झाडू मागताना.

"इतकी वर्षं मी भरलं," ती म्हणाली. "आता तुम्ही भरा."

त्या पावसाळ्यात आम्ही चौकोनांवर प्लास्टिक बांधून राहिलो आणि स्वयंपाक बाहेरच्या खोलीत हलवला. नोटीस आली नाही. सप्टेंबरमध्ये यादी आली, तिसऱ्या जातीत, माणसं आत ठेवून. दिवाळीनंतर परांच्या बांधल्या गेल्या. आमच्या स्वयंपाकघरात दोन महिने लोखंडी टेकू उभे होते आणि आई त्यांच्यामधून अंग चोरून पिठाच्या डब्यापर्यंत जायची. कंत्राटदाराची माणसं चौकोन मोठे करत गेली, गंजकी सळी कापून नवी जोडत गेली. भेग सापडली नाही की "आजी, इकडे या" अशी हाक यायची. आजी मान वर करून जिना चढायची.

या मार्चमध्ये काम संपलं. कंत्राटदाराचा माणूस शेवटी पिवळ्या रंगाचे डबे घेऊन आला. सगळ्या सरकारी इमारतींना असतो तो पिवळा. आईने त्याला दारात थांबवलं, स्टुलावर चढली आणि ओट्यावरचा बीम या टोकापासून त्या टोकापर्यंत पेराने वाजवला. ठक्क, ठक्क, ठक्क. अगदी भिंतीत शिरतो तिथपर्यंत.

"काम चांगलं झालंय," ती खाली उतरून म्हणाली. "डबे परत न्या. रंग आमचा आम्ही लावतो."

तो म्हणाला, आजी, अनुदानात आहे, फुकट आहे. आई म्हणाली, "म्हणूनच."

संध्याकाळी काकांनी शिड्या काढल्या. मी सवयीने विचारलं, पुट्टीची गोणी आणू का?

"आणलीस तर बघ," आई म्हणाली आणि निळ्या डब्याचं झाकण उघडलं.